खरंचराव आणि लेखकाचा हेतू

खरंचराव हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं. कोणी थट्टेत काहीही म्हटलं की हा भला माणूस डोळे मोठे करून विचारणार, "खरंच?" उद्यापासून बाटल्यांत पाण्याऐवजी नुसती हवा भरायचीय म्हणे. "खरंच? मग झाकणं कुठली लावायची?" आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं! पण त्यांची बायको रागवायची, आणि तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही रागवला असतात.

ती शाळेत भाषा शिकवायची. सगळी आळीच तिला बाई म्हणे. बाई वर्गात कधी आवाज चढवत नसत. गृहपाठ न करणाऱ्याला म्हणत, "आजही विश्रांती घेतलीत ना? बरं केलंत, तब्येत आधी." पोर लाजेनं अर्धं होऊन खाली बसे. घरातही तीच भाषा. फक्त घरी समोर खरंचराव असत आणि ते लाजायच्या ऐवजी खूश होऊन कामाला जात.

काम म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात पट्ट्यावरून आलेले भरले खोके उचलायचे आणि रचायचे. त्यात कंबर गेली. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलणं बंद, नाहीतर अंथरूण धराल. बसून करायचं काम कारखान्यात एकच होतं, पाळीच्या सुपरवायझरचं, आणि त्यासाठी लेखी परीक्षा होती. यंत्रांचा पेपर खरंचरावांनी डोळे मिटून सोडवला असता. भाषेच्या पेपरात मात्र दोनदा आपटले, आणि दोन्ही वेळा उताऱ्यावर. लेखकाचा हेतू ओळखा. आता सोमवारी शेवटची संधी. ती हुकली की घरी बसा.

म्हणून रविवारी दुपारी बाईंनी जुनी प्रश्नपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली आणि उतारा मोठ्यानं वाचला. एका गृहस्थानं पाण्याची बाटली विकत घेतली. तिच्यावर छापलं होतं, या पाण्याला मानवी हाताचा स्पर्शही झालेला नाही. वाचून गृहस्थ गहिवरला. एवढ्या पवित्र पाण्याला आपलं हे पामर तोंड कसं लावायचं? त्यानं बाटली दिवाणखान्यातल्या कपाटात मांडली, आल्यागेल्याला दाखवली, आणि तहान लागली की गुपचूप नळाचं पाणी प्यायला.

"आता सांगा, लेखकाचा हेतू काय?"

खरंचराव बराच वेळ विचार करून म्हणाले, "सूचना देणे."

"सूचना?"

"बाटली उन्हात ठेवू नये, कपाटात ठेवावी. आम्ही लेबलावर छापतोच की. आणि हाताच्या स्पर्शाचं त्यानं बरोबर लिहिलंय हां. आमच्याकडेही मशीनच भरतं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आठवीतली पोरं दोन मिनिटांत सांगतात हो, आणि हा बाप्या!

"अहो, तो गृहस्थ मूर्ख आहे!"

"मूर्ख कशानं? बाटली जपली त्यानं. फक्त तारीख उलटून जाईल, ते त्याच्या लक्षात आलं नाही."

"धन्य आहे! लेखकाला जाऊन सांगा, त्याच्यावर उपकार होतील."

"पत्ता आहे का त्याचा?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चिडून उपयोग नव्हता. उद्या हा माणूस 'सूचना देणे' लिहून आला तर घर चालवायचं कसं आणि याची कंबर सांभाळायची कशी, या काळजीनं त्यांचा जीव कासावीस झाला होता. त्या खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसल्या आणि वर्गात सांगत तसं सांगू लागल्या.

"नीट ऐका. साधं पाणी. त्याला तो काय म्हणतो? पवित्र. स्वतःच्या तोंडाला काय म्हणतो? पामर. एवढं कौतुक साध्या पाण्याचं कोणी करतं का? कौतुक गरजेपेक्षा फार जास्त झालं ना, की समजायचं, हे कौतुक नाही. माणूस टर उडवतोय. तोंडानं वा वा म्हणतो आणि मनात हसतो."

खरंचरावांनी उतारा स्वतःकडे ओढला. ओठ हलवत पुन्हा सगळा वाचला. पामर तोंडापाशी थांबले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अरेच्चा! म्हणजे बाटलीला भुलणाऱ्यांची हा थट्टा करतोय! लेबल वाचून वेडं व्हायचं आणि प्यायचं नळाचंच! आमचे मॅनेजर असेच आहेत की!" ते खदाखदा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईही हसल्या. इतक्या वर्षांत दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

मग हसता हसता खरंचरावांनी डोळे पुसले आणि वर बघितलं.

"अगं, ती फळी," ते म्हणाले. नजर ओट्याच्या वर. तिथं त्यांनी मागे एक फळी ठोकली होती, तिच्यावरचे डबे आजही एका बाजूला घसरतात. "मी ठोकली तेव्हा तू म्हणालीस, अहाहा, काय कारागिरी, सगळ्या जगाला दाखवा."

बाईंनी उठून घसरलेला एक डबा सरळ केला.

"मी दाखवली," खरंचराव म्हणाले. "तुझ्या भावाकडे तशीच ठोकून दिली. तुझ्या बहिणीकडे दोन. तेही वा वा म्हणाले होते."

बाईंनी पुन्हा चष्मा काढला आणि त्या तो पुसत राहिल्या. खरंचरावांनीच प्रश्नपत्रिकेचं पान उलटलं. "पुढचा उतारा घे," ते म्हणाले. पुढचे सगळे उतारे त्यांनी बिनचूक सोडवले.

सोमवारी ते परतले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"उतारा छत्रीवर होता. एकजण छत्री भिजू नये म्हणून ती कोटाखाली धरून पावसातून चालतो. टर उडवलीय, लगेच कळलं. साहेबांनी तिथंच पेपर तपासला. पास झालो."

बाईंच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले. "किती छान केलंत हो," त्या म्हणाल्या. "मला फार अभिमान वाटतो तुमचा."

खरंचराव एक चप्पल काढून थांबले. बाईंच्या चेहऱ्याकडे लक्षपूर्वक बघत राहिले, आधी डोळ्यांकडे, मग ओठांकडे.

"अहो, मनापासून म्हणतेय!"

"बरं," ते म्हणाले, दुसरी चप्पल काढली आणि हातपाय धुवायला आत गेले. बाई त्यांच्या पाठीमागून तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, आणि मग आणखी एकदा. आतून नळाचा आवाज येत होता. त्या जितक्यांदा म्हणाल्या, तितकं ते त्यांच्याच कानांना टोमण्यासारखं लागत गेलं.