नवसाचा चांदीचा पाय

सृष्टिवर्ष ६९६१, मे महिन्याची अकरा तारीख. पहाटेपासून तुर्कांच्या तोफा. दुपारी निकिफोर तटावरून घरी आला. पगाराचं नाणं मिळालं.

एवढं लिहून थोमाईसने बोरू ठेवला. कॉन्स्टँटिनोपलला तुर्कांचा वेढा पडून महिना उलटला होता. लहानपणी मठातल्या साध्वींनी तिला अक्षर शिकवलं होतं आणि नवरा गेल्यापासून तिची वही कधी कोरी राहिली नव्हती.

तिचा मुलगा निकिफोर लहान असताना तापात त्याचा पाय लुळा पडला. तेव्हा तिने बांगड्या मोडून चांदीचा बोटभर पाय घडवला आणि नवस म्हणून चर्चमधल्या मरियेच्या तसबिरीला टांगला. पोर चालू लागलं. नवसाची वस्तू काढली की दुखणं परत येतं, हे कॉन्स्टँटिनोपलमध्ये शेंबडं पोरही सांगेल. पण सम्राट कॉन्स्टंटाइनच्या खजिन्यात खडखडाट. शिपायांच्या पगारासाठी त्याने चर्चमधली चांदी वितळवली. लामणदिवे गेले, तो पायही गेला.

"लंगडतोयस का रे?"

"जोडा चावतोय, आई. तुर्कापेक्षा बरा."

तिने नाणं उलटंपालटं केलं. घाईत पाडलेलं, वेडंवाकडं. एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला दाढीवाला सम्राट.

"ह्यात तुझाच पाय असेल."

"असेल की! नाहीतर शेजारच्या म्हातारीचं नाक."

ती हसली नाही. नाणं पायाच्या जागी टांगायला त्याला ओढतच चर्चमध्ये घेऊन गेली.

पाद्री गेर्मानोस नाण्याला हातही लावेना. "मदतीसाठी रोमच्या पोपपुढे वाकलेल्या सम्राटाचं तोंड माझ्या मरियेपुढे टांगू? मठात हेच शिकलीस?"

"बाबा, येशूची बाजू पुढे ठेवते."

"आणि मागची बाजू कुठे जाईल?"

"पण चांदी इथलीच आहे ना!"

"होती," पाद्री म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

बाहेर निकिफोरने हात पुढे केला. "आई, दे ते. कालपासून पोटात काही नाही. तुझीही कणगी रिकामीच आहे."

तिने मूठ घट्ट मिटली. मग त्याचा चेहरा पाहून उघडली.

त्या नाण्याचं पीठ घेऊन झालं. घाईघाईने थापलेली भाकरी त्याने उभ्याउभ्याच खाल्ली.

"आजचा दिवस राहा रे."

"आणि तट काय तू सांभाळशील?"

तो निघाला. वळणापर्यंत ती त्याच्या पायाकडेच बघत राहिली. जोडाच असेल, असं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं.

संध्याकाळी तिने लिहिलं : जवाचं पीठ आणलं. खडे फार निघाले.