जाई हे नाव नको

सांगलीत विश्रामबागच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतलं ते पोर बघून अंबूबाई बाहेरच्या बाकावर बसली, ती उठेचना. तळहाताएवढी पाठ, नाकात नळी, आणि पेटीवर 'संयोगिताची मुलगी' एवढीच चिठ्ठी. सून आठव्या महिन्यातच बाळंत झालेली. मुलगा जयराज फौजेत, त्याची रजा अजून मंजूर व्हायची होती. सगळं अंबूबाईच्याच अंगावर आलं. पण कुंडलच्या उसात उभा जन्म काढलेली बाई. ती शेवटी उठलीच. सुनेचे कपडे धुवायची, डबा न्यायची, आणि नर्सबाई दिसली की विचारायची, "आज दूध पचलं का वं?"

बाळाची नळी निघाली त्या दिवशी संयोगिता पहिल्यांदा हसली.

"आई, आमचं नाव ठरलं. जाई. एवढीशी हाय बघा, फुलागत."

अंबूबाईच्या हातातलं डब्याचं झाकण सुटलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं.

"दुसरं बघा," ती म्हणाली.

"का? काय वाईट हाय त्यात?"

"न्हाई म्हनले न्हवं? फुलाचं नाव नको."

संयोगिताचं हसू तिथंच विरलं. त्या दिवशी जयराजचा फोन आला. "आये, तुझं काय मधीच? तिनं एवढं सोसलंय, तिला ठरवू दे की." अंबूबाईनं फोन सुनेच्या हातात दिला.

बाळ घरी आलं, पण घरातलं बोलणं आटलं. पाणी तापलं का, बाळ झोपलं का, एवढ्यावर दोघींचं भागायचं. एकदा संयोगिता आपल्या आईशी फोनवर बोलत होती. अंबूबाई भाकरी थापत होती आणि मधलं दार उघडंच होतं. "मुलगा असता तर सासूबाईंनीच हौसेनं नाव शोधलं असतं. पोरगी झाली, म्हणून ही कुरबुर." तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी अंबूबाईला कळलं नाही.

सांगावं तरी कसं? जाई नावाची एक मुलगी या घरात होऊन गेली होती. अंबूबाईची थोरली. जयराज आणि साक्षी तिच्यानंतरचे. त्यांच्या कानावर ते नाव कधी पडलंच नव्हतं. ती गेल्यावर नाथाजी, अंबूबाईचा नवरा, जेवायला बसला की कुणीतरी तिचा विषय काढायचं आणि तो ताटावरून उठायचा. शेवटी त्यानं बजावलं, "ह्या घरात तिचं नाव काडायचं न्हाई." अंबूबाईनं ते पाळलं. इतकं पाळलं, की आता तोंड उघडलं तरी शब्द फुटत नव्हता. आणि पोटातली भीती काही केल्या हलत नव्हती. पोर अजून धड बाळसं धरत नव्हतं. दूध पिता पिता दमायचं, मधेच श्वास अडखळल्यागत करायचं. अंबूबाई हातातलं काम टाकून पाळण्याशी जायची, छाती वरखाली होते का बघायची.

जयराज रजेवर आला आणि बारसं धरलं. नाव जाईच ठेवायचं ठरलं होतं. सोप्यात गल्लीतल्या बायका जमल्या, घुगऱ्यांचं पातेलं आलं, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. नाथाजी आणि जयराज दाराशी उभे होते. आत्या म्हणून साक्षी पुढं झाली. बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हसत हात उचलले.

अंबूबाईनं पाळण्याची दोरी मुठीत गच्च धरली.

"साक्षे, थांब. ते नाव घालायचं न्हाई."

हात वरच्या वर राहिले. संयोगिता उठून उभी राहिली.

"आई, एकदा सगळ्यांसमोर सांगूनच टाका. पोरगी झाली म्हणून ना?"

"न्हाई गं बाई." अंबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नाथाजी खाली बघत होता. "माझी पैली लेक जाई हुती. चार वर्साची. तापानं फणफणली. पावसानं वाटंत सगळा चिखल, ट्रॉलीतनं सांगलीला न्हेली. डोळं मिटाय लागली की मी हाक मारायची. जाई, ए जाई. वाटभर तेच. जाई, जाई म्हनत ऱ्हायले, आन ती गेलीच. आता पुन्यांदा ह्या पाळण्यात तीच हाक कशी मारू?"

जयराजनं चौकट धरली. "आये, आमाला कवाच न्हाई सांगितलंस?"

संयोगिता पाळण्याला वळसा घालून आली. सासूच्या मुठीवर तिनं हात ठेवला. मूठ सैल व्हायला वेळ लागला.

"मग तुमीच सांगा, आई. काय म्हणायचं हिला?"

अंबूबाई गडबडली. नको ते नाव तिला पक्कं ठाऊक होतं; हवं ते तिनं शोधलंच नव्हतं. ती आटपाडीकडची लेक. डोळ्यांपुढं माहेरचा माळ आला.

"आमच्याकडं सावर हाय. फाल्गुनात अंगावर पान न्हाई, खाली पानी न्हाई, आन झाड लालभडक फुलतंय. खोडाला ह्ये काटं. शेरडं बी तोंड लावत न्हाईत."

"अगं बया, काटेसावर?" एक म्हातारी म्हणाली. "पोरीला काट्याचं नाव?"

"काटं असू द्यात," संयोगिता म्हणाली. "जगायला तिला लागतीलच."

साक्षीनं डोळे पुसले. "सावरीला शाल्मली म्हणतात, वहिनी."

संयोगितानं ते नाव मनाशी म्हणून बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि मान हलवली. साक्षी पुन्हा वाकली. 'कुर्रर्र' झालं, धपाटे बसले, आणि त्या गलक्यानं दचकून शाल्मलीनं असा टाहो फोडला, की एवढा आवाज तिच्यात आहे हे त्या घराला तेव्हाच कळलं.

भीती काही एका दिवसात गेली नाही. अंबूबाई पुढंही कितीतरी दिवस पाळण्याशी जाऊन श्वास बघायची. पण आता संयोगिताही शेजारी येऊन उभी राहायची. एका दुपारी तिनं विचारलं, "आई, जाई कशी होती वं?"

अंबूबाईनं पदर सावरला. "लय बडबडी. चिंचंचा पाला खायाची. बैलाला भ्यायाची. आन तिचा एक लाल झगा हुता, त्यो अंगातनं काडूच द्यायची न्हाई."

बाहेर कट्ट्यावर नाथाजी डोळे मिटून पडला होता. तिथूनच त्याचा आवाज आला.

"लाल न्हवं. हिरवा हुता. मी आनला हुता."