बिनपाटीचं दार

मस्कतमधल्या बौशर भागातल्या माझ्या ऑफिसात ताईचा फोन आला, “तुझे दाजी गेले रे... जेवून पडले होते, उठलेच नाहीत.” रडू आलंच. पण आज महिनाभराने लिहायला बसलोय तर मन हलकं आहे. विलासदाजी निश्चिंत होऊन गेले, आणि त्यांना निश्चिंत झालेलं बघायला आम्ही किती वर्षं आसुसलो होतो.

दाजी राजापूरकडचे, कुवेतमध्ये पाट्या रंगवायचे. नव्वद साली इराकी फौजेने कुवेत घेतलं आणि घरं शोधून माणसं उचलायला सुरुवात केली. शेजारच्या अबू सालेमने दाजींना विचारलं, आमच्यात येशील का? लपूनछपून लढणाऱ्यांची टोळी होती ती. काम साधं, पण जिवावरचं: रस्त्यांच्या, घरांच्या पाट्या उतरवायच्या, म्हणजे सैनिकांना पत्ता लागू नये. स्वतः रंगवलेल्या पाट्या दाजी उतरवू लागले! “परक्यांच्या भानगडीत कशाला पडलात?” असं मी पुढे विचारलं, तर म्हणाले, “परका कुठला? रोज त्याच्याकडे चहा प्यायचो.” मग अबू सालेमला पकडून नेलं. दाजींना इतर भारतीयांबरोबर देश सोडावा लागला... तो जगला की गेला, कळलंच नाही.

मी त्यांना मस्कतला आणलं. रुवीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हमरियातल्या स्वतःच्या दाराला मात्र पाटी नाही. रस्त्यात कुवेतची नंबरप्लेट दिसली की धावत सुटायचे, “अबू सालेमको जानता?” उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या सलालाच्या थंड हवेला निघालेली ती कुवेती कुटुंबं बिचकायची. “दाजी, ट्रॅफिक पोलिसात भरती व्हा,” मी चिडवायचो. ते हसायचे नाहीत.

अखेर अशाच एका गाडीवाल्याने निरोप पोचवला. गेल्या वर्षी एका शुक्रवारी आम्ही दाजींकडे जेवायला बसलो होतो, आणि एक लंगडणारा म्हातारा गल्लीत एकेक दार ठोठावत फिरत होता. हवं ते घर काही त्याला सापडेना. शेवटी दाजींनीच दार उघडलं... कैदेतून वाचलेला अबू सालेम! दोघं गळ्यात पडून रडले. मग दाराकडे बोट दाखवून तो ओरडला, “विलास, लडाई खलास! अभी बोर्ड लगाओ!” दाजी पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत पाटी तयार होती, मराठीत आणि अरबीत: विलास पेंटर.

ताई आता माझ्याकडे राहायला येणार आहे. परवा सामान बांधून झाल्यावर पाटी उतरवायला मी स्टुलावर चढलो, तर ती म्हणाली, “थांब रे. शुक्रवारी अबू सालेम भेटायला येतोय. त्याला घर सापडायला नको का?”