शून्याच्या जरा पुढे

सुहासच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी कात्रपला भाजीवाल्याशी दुधीवरून हुज्जत घालत होतो. "भाऊजी, सुहास उठत नाहीये," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती... स्कूटर काढून बदलापूरहून अंबरनाथला पोहोचेपर्यंत त्यांच्याच इमारतीतले डॉक्टर वर येऊन मान हलवून गेलेसुद्धा होते. संध्याकाळच्या ड्यूटीसाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट कपाटाच्या दाराला टांगलेला होता, खांद्यावर कॅप्टनच्या चार सोनेरी पट्ट्या लावलेल्या. पन्नाशीही न गाठलेला, पायलट म्हणून डॉक्टरांच्या तपासण्यांना कंटाळलेला हा माणूस झोपेतच हृदय बंद पडून गेला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी डोक्यावरून विमान गेलं की मी अजून मान वर करतो. ती सवय त्यानेच लावली होती.

तिरडी उचलली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तुम्ही मागे या, उंची जुळत नाहीये, भार एका बाजूला जातोय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. असल्या वेळी असलं बोलणं शोभत नाही, पण ते वाक्य माझं नव्हतंच, सुहासचं होतं. आयुष्यभर त्याने आम्हाला भार समजावला. उल्हासनगरला शेअर रिक्षात बसतानासुद्धा हा आधी माणसं न्याहाळायचा आणि मला म्हणायचा, "जाड्या, तू मधे बस, नाहीतर वळणावर आपण सगळे नाल्यात." आम्ही हसायचो. खांदा देताना ते हसू आठवलं आणि मला रडू आवरेना.

आम्ही एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. त्याचे वडील कारखान्यात ऑफिसर, माझे त्याच कारखान्यात फोरमन. विमान शिकायचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यालाही सांगता यायचं नाही. वडिलांनी होतं नव्हतं ते लावून शिकवलं, हा लायसन्स घेऊन आला आणि घरी बसला. अंबरनाथला पायलट ही चीजच नवीन, त्यात लायसन्स खिशात आणि माणूस गॅलरीत, हे लोकांना पचेना. "काय कॅप्टन, आज सुट्टी?" असं जो तो विचारायचा आणि हा "हो काका, हवामान खराब आहे," म्हणून हसायचा. मोठ्या एअरलाइनला उड्डाणाचे तास हवे असत आणि नोकरी लागल्याशिवाय तास भरत नसत. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात. इथे पोहता आल्याशिवाय पाण्यापाशी फिरकू देत नव्हते.

शेवटी एका छोट्या माल वाहून नेणाऱ्या कंपनीत त्याला काम मिळालं. तिचं विमान म्हणजे आपल्या छोट्या टेम्पोला पंख लावलेले. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, पार्सलं आणि कधी कधी खोक्यातली कोंबडीची पिल्लं. दूरच्या एका लहानशा धावपट्टीवरून भल्या पहाटे निघायचं, दोन-तीन गावं करायची आणि परत यायचं. पायलट दोघेच, आळीपाळीने एकेक फेरी करणारे. दुसरा होता हरेश, उल्हासनगर कॅम्प चारमधला सिंधी मुलगा. इतक्या लांब, त्या आडगावात, एका खोलीत आपल्या शेजारच्या गावचा माणूस भेटावा, याचं सुहासला फार अप्रूप होतं. विमान दुरुस्तीला गेलं की सुट्टी मिळायची, मग दोघे बरोबर घरी यायचे. हरेश परत जाताना आईने केलेल्या कोकीचा, म्हणजे जाड सिंधी रोट्यांचा डबा न्यायचा आणि त्यातली निम्मी कोकी सुहास खायचा, म्हणजे असं निदान हरेश म्हणायचा.

विमान लहान असलं की वजनाचा खेळ जिवाशी असतो. पार्सलावर जे लिहिलेलं असतं त्यावर हे दोघे विश्वास ठेवत नसत. हरेशकडे एक हुकाचा स्प्रिंगकाटा होता, गोल तबकडीचा, हाताने उचलून धरायचा. शंका आली की खोकं त्याला टांगून बघायचं, ही त्या दोघांची पद्धत होती. काटा मुळात हरेशच्या वडिलांच्या दुकानातला. कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांना ते बटणं, रिवेट, चेन वजनावर विकायचे. गंमत अशी की हुकाला काहीही टांगलेलं नसताना काटा शून्याच्या जरा पुढे उभा असायचा. म्हणजे दाखवायचा जास्त आणि गिऱ्हाइकाला मिळायचं कमी. हरेश ते उघड सांगायचा, "पप्पाने इस काटे पे आधे कॅम्प तीन को चूना लगाया. अब देख, हमारे काम का है." आणि ते खरंच होतं. जो काटा जास्त दाखवतो त्याच्यावर भरलेलं विमान कागदापेक्षा हलकंच राहतं. चुकायचंच तर या बाजूला चुकावं, असं सुहास पुढे कित्येक वर्षं म्हणत असे, अगदी लग्नाच्या पंगतीत बुंदीचे लाडू मागवतानासुद्धा.

अशी काही वर्षं गेली, तास भरले आणि सुहासला एका मोठ्या एअरलाइनकडून मुलाखतीला बोलावणं आलं. नेमकी त्या दिवशी त्याची फेरी होती. रजा मिळेना. हरेश म्हणाला, "तू जा. तेरा फेरा मैं करता हूँ. अंदर घुस और फिर मुझे खींच." सुहास आदल्या दिवशीच मुंबईला निघून आला. त्या दिवशी मुलाखत बराच वेळ चालली, फोन बंद होता. निवड झाल्याचं कळल्यावर बाहेर येऊन त्याने फोन चालू केला आणि आईवडिलांच्याही आधी हरेशला लावला. तो लागला नाही. म्हणून पेढे घ्यायला थांबला... आणि पेढ्यांच्या दुकानात त्याला कंपनीतून फोन आला की हरेश ढगात डोंगराला धडकला, विमान सापडलंय, तो गेला.

पैशांचं पाकीट शोधताना त्याने बॅग उघडली. काटा बॅगेत होता. आदल्या फेरीला त्यानेच वापरला होता आणि घाईत तसाच कोंबला होता.

चौकशीत हवामानाचं कारण निघालं. वजनात काहीही चूक नव्हती, तसं स्पष्ट लिहून आलं. मी स्वतः त्याला ते परत परत सांगितलं. पण तो एकच म्हणायचा, "त्याने त्या दिवशी खोकी कशावर टांगली असतील?" तो नोकरीवर रुजू झाला, मोठं विमान शिकला, को-पायलट झाला, मेधाशी लग्न झालं. लोकांना वाटलं, पोराने नाव काढलं. आता माल दुसरेच लोक भरायचे, वजनाचा छापील कागद त्याच्या हातात यायचा आणि त्याने फक्त सही करायची. त्याला ते शेवटपर्यंत रुचलं नाही. पहिल्या पहिल्या दिवसांत त्याने एअर होस्टेसला विचारलं होतं, "माल चढला का?" ती बिचारी शंभरावर माणसांकडे बघत राहिली. हा किस्सा तो रंगवून सांगायचा.

हरेशच्या दिवसांनंतर सुहास तो काटा परत द्यायला कॅम्प चारला गेला होता. हरेशची आई एकटीच, वडील आधीच गेलेले. तिने काटा हातात घेतला, त्याला बटाट्याची पिशवी टांगली, बघितलं आणि म्हणाली, "तू रख, पुट." पुट म्हणजे सिंधीत बाळा. तेव्हापासून काटा त्याच्या घरी दाराच्या मागे खिळ्याला आणि तो स्वतः प्रत्येक सुट्टीत कॅम्प चारला. तिला डॉक्टरकडे न्यायचं, बँकेत न्यायचं, गोल मैदानाकडून भाजी आणून जिने चढवायची. तो तिला अम्मा म्हणायचा. मेधा सुरुवातीला थोडी कुरकुरली, मग तीही दिवाळीला बरोबर जायला लागली. तिला एवढंच ठाऊक होतं की गेलेल्या मित्राची आई आहे. फेरी कुणाची होती हे त्याने मेधाला सांगितलं नव्हतं, कारण मेधाच्या पोटात काही राहत नाही आणि तिच्याकडून ते अम्मापर्यंत जाईल अशी त्याला धास्ती होती.

कॅप्टन झाला त्या आठवड्यात आम्ही शिवमंदिराच्या मागे फिरायला गेलो होतो. मी म्हटलं, "आता पार्टी." तो म्हणाला, "माझ्या सगळ्या नोकरीखाली त्याची एक फेरी आहे रे. ती काढून घेतली की मी गॅलरीत बसलेला कॅप्टन." मी वैतागलो. इतकी वर्षं तेच. म्हटलं, "मग सांगून टाक ना म्हातारीला एकदाचं."

"सांगितलं आणि तिने दार लावून घेतलं तर?"

"लावू दे. निदान तू तरी मोकळा होशील."

"तिला भाजी कोण आणून देईल?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. तरीही त्या दिवशी त्याने कबूल केलं, सांगतो. मग दरवर्षी सांगतोच म्हणायचा. या वर्षी दिवाळीत नक्की, असं ठरलं होतं...

त्याच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी अम्मा अंबरनाथला आली. कुणाच्या तरी गाडीतून आली, जिने मात्र एकटी चढली. मी तिथेच होतो, मेधाच्या भावाबरोबर कागदपत्रं लावत होतो. मुलगा गुणी, बहिणीच्या घरात दिसेल ते दुरुस्त करत सुटलेला. गळका नळ झाला, दाराची कडी झाली. मला कौतुकाने म्हणाला, "जिजाजींचा तो काटापण बिघडला होता. स्क्रू फिरवून शून्यावर आणला." मी दारामागे बघितलं. काटा शून्यावर सरळ उभा होता. त्या पोराला काय बोलणार, त्याने मायेनेच केलं होतं.

अम्मा सुहासच्या फोटोसमोर बसली. मेधाने चहा आणला, तिने तो तसाच ठेवला. मी मनाशी म्हटलं, जे त्याला जमलं नाही ते आता मीच उरकून टाकावं. ते ओझं घेऊन मला घरी जायचं नव्हतं.

"अम्मा, सुहासला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशीची—"

"फेरा उसका था," ती म्हणाली. "मालूम है."

मेधा स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"सुबह हरेशने फोन किया था. बोला, मम्मी, सुहास का इंटरव्यू है, उसके बदले मैं जा रहा हूँ. छुट्टी में आऊँगा तो कोकी बनाना." तिने पदराने चष्मा पुसला. "पहले दिन से मालूम है."

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं तो माणूस आतून कुरतडला जात होता आणि हिच्या एका वाक्याचं काम होतं. मी आवाज चढवूनच विचारलं, "मग त्याला सांगितलं का नाही?"

"बोल देती तो वो रोता, पाँव पड़ता, हलका हो जाता." ती फोटोकडे बघत होती. "हलका आदमी फिर कायको आएगा कॅम्प चार में? एक तो गया था मेरा. दूसरा भी चला जाता. रख लिया मैंने, पुट. अपने लालच में रख लिया." मग थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं. "तू उसका दोस्त है. तू बता... बोल देना चाहिए था?"

मी तिचा निवलेला चहा तिच्यापुढे सरकवला. ती दार लावून घेईल या भीतीने तो गप्प होता आणि तो यायचा थांबेल या भीतीने ती. या दोन भीतींच्या मधे बसून दोघं जण गोल मैदानाची भाजी निवडत होते. मेधा पुढे आली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. दोघी एकमेकींचा हात धरून होत्या.

निघताना अम्मा दारापाशी थांबली. काटा तिला दिसला. तिने तो खिळ्यावरून काढला, डोळ्यांजवळ नेला. "किसने सीधा किया?"

मेधाचा भाऊ चाचरत म्हणाला, "मीच... बिघडला होता ना, अम्मा."

"नहीं, बेटा." त्याला समजावून सांगण्याच्या भानगडीत ती पडली नाही. वरचा स्क्रू तिने नखाने फिरवायला घेतला, नख सटकत होतं. मी पुढे झालो तर मला कोपराने बाजूला केलं. काटा हळूच सरकला आणि शून्याच्या जरा पुढे जाऊन थांबला. नेमका जुन्या जागी. दुकानाच्या गल्ल्याशेजारी तिने तो आयुष्यभर बघितला होता. मग तिनेच तो परत खिळ्याला अडकवला.

मी तिला शेअर रिक्षाने कॅम्प चारला सोडायला गेलो आणि न सांगता मधे बसलो. परवा पुन्हा अंबरनाथला जाऊन आलो. तो शर्ट मेधाने घडी करून आत ठेवलाय. काटा दारामागेच आहे, दार लोटलं की हलतो आणि परत त्याच जागी येतो. शनिवारी मेधा कॅम्प चारला भाजी घेऊन जाणार आहे.