चोराचं तोंड

"चोराचं तोंड कायले शोधून राहिलो आपण? हिच्या बापाचंच टाकू ना."

अविनाश बोलला. मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा नातू. कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत आम्ही पाच जण होतो. चौघं पोट धरून हसले. पाचवी मी. हातात आलेखाची वही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तुमसरला आमच्या कॉलेजात पहिलाच कॉम्प्युटर आला होता. स्नेहसंमेलनात दाखवायला ही पोरं त्यावर खेळ बनवत होती. राजा, शिपाई, चोर. चित्र काढता येतं म्हणून मला घेतलं. सोळा घरं आडवी, सोळा उभी. काही काळी, काही कोरी. तेवढ्यात चेहरा बसवायचा. सगळ्यांनी बघायचं, चूक सांगायची, मी खोडायचं. "नाकाचं एक घर कमी कर, राजा पोपट दिसून राहिला." बरोबर सांगायचे. मी शिकत होते. फक्त कीबोर्डला हात लावायचा नाही. का, ते विचारलं नाही. अविनाशच्या घरी चहाला माझा कप वेगळा यायचा. आम्ही बौद्ध.

माझा बाप चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत. एकदा माझा डबा घरी राहिला. पाळीवरून घरी आलेला बाप हात-तोंड न धुता तसाच तो द्यायला कॉलेजात आला. अंगभर काळी धूळ. तेवढंच या पोरांनी पाहिलं होतं.

"डोळे खाली ठेव. चोर वाटला पाहिजे," अविनाशनं बजावलं.

आणि मी काढलं. लपवत नाही. खेळातून काढून टाकतील म्हणून भ्याले. बसमध्ये मांडीवर वही घेऊन माझ्या बापाचे गाल एकेक घर करत काळे केले.

घरी बाबानं वही पाहिली. "हा मीच ना वं माय?" हरखलाच. आयुष्यात कोणी त्याचं चित्र काढलं नव्हतं. मग वही डोळ्यांजवळ धरली. "बेस काढलं. पण डोये खाली काहून? मी असा पाहतो काय?"

"कॉम्प्युटरच्या खेळासाठी काढलं, बाबा."

"खेळात मी कोण होय?"

"चोर."

त्यानं वही मिटली. माझ्या हातात दिली. रांजणाजवळ जाऊन हात धूत बसला. स्वच्छ झाले तरी धूतच राहिला.

सकाळी बस यायच्या आधी मी बुबुळं वर सरकवली. दोन घरं खोडली, दोन भरली. बाप समोर पाहू लागला.

"हा चोर नाही वाटत. डोळे खाली घे," अविनाश म्हणाला.

"नाही घेत."

"मग खेळात राहू नको."

कॉम्प्युटर शिकवणारे सर तिथंच होते, ते मध्ये पडले. "मजाक केली त्यानं. एवढं काय मनावर घेतेस?"

"मजाक असेल तर तुमचं तोंड टाका सर."

कोणी हसलं नाही. मी वही उचलली. राजा, शिपाई, सगळे त्यातच होते. त्यांना घेऊन बाहेर पडले.  थांबले नाही.

पुढच्या रविवारपासून पाळी सुटायच्या वेळी वस्तीत बसू लागले. खाणीतून वर आलेल्या माणसांची, मॅंगनीज वेचणाऱ्या बायांची तोंडं काढू लागले. काढलं की ज्याचं त्याच्यासमोर धरायचे. "हनुवटी अशी नाही माही," शेजारची काकू म्हणायची. मी खोडायचे.

चेहरा ज्याचा, चूक दाखवायचा हक्क त्याचा. दुसऱ्या कोणाच्या हुकमावरून मी माझ्या माणसांची मान खाली घालणार नाही. कागदावरसुद्धा नाही.