वाशीमचे मॅकरॉन

भाजलेल्या बदामाचा वास आला की मला वाशीमची ती संध्याकाळ आठवते. सातव्या महिन्यात माहेरी गेले होते आणि डोहाळे लागले ते मॅकरॉनचे. पुण्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला खाल्ले होते. त्यात काय असतं ते काही विचारलं नव्हतं. आमचं घर जैन, बाबा कधी बेकरीची पायरी चढले नव्हते. तरी मला स्कूटरवर मागे बसवून ते हळूहळू चार बेकऱ्या हिंडले. प्रत्येक ठिकाणी खालूनच विचारायचे, "भाऊ, ते रंगीत, गोल, मंधात क्रीम असते, ते हाय का?" कुणी खारी दाखवली, कुणी क्रीमरोल. चौथ्या बेकरीत भाजलेल्या बदामाचा वास येत होता आणि काचेमागे गुलाबी मॅकरॉन दिसले. बेकरीवाला बाबांना ओळखत होता. म्हणाला, "काका, यात अंड्याचं पांढरं असते. मंग म्हनसान, सांगतलं नाही." बाबांनी चष्मा काढून पुसला आणि रस्त्याकडे तोंड केलं. "मी तिकडं पाहून राह्यलो," ते म्हणाले, "तुले जे घ्याचं ते घे." मी पावभर नानकटाई घेतली. आता पुण्यात माझी लेक मला मॅकरॉनसाठी बेकऱ्या पालथ्या घालायला लावते आणि दर वेळी विचारते, "आई, सगळ्यात भारी कुठले गं?" मी वाशीमचे म्हणते.