मगदुमांची चिनी किटली

"पॉलिश लावलेले आहे," मी म्हणालो आणि मला बरे वाटले.

टेबलावर तांबूस-तपकिरी मातीची, मुठीएवढी चिनी किटली होती. मालक मगदूम, उद्यमनगरात त्यांची फौंड्री. मी वस्तुसंग्रहालयात क्युरेटर होतो. मुंबईच्या प्रदर्शनात कोल्हापुरातून एकच किटली जाणार होती. संग्रहालयाची किटली मी कलकत्त्याहून मिळवली होती, पण तिची तोटी तुटून जोडलेली. मगदुमांची अस्सल ठरली, तर आमची कपाटातच राहणार होती. संचालकांनी निर्णय माझ्यावर सोपवला होता.

अशा किटल्यांच्या शोधात माझी उमेदीची वर्षे गेली. मगदुमांना ही एका तालमीच्या कोनाड्यात सापडली. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हते.

या मातीवर काचेचा लेप नसतो. वर्षानुवर्षे चहा मुरून तिला आपोआप तकाकी येते. नकली माल विकणारे तीच तकाकी बुटाच्या पॉलिशने आणतात.

"पॉलिश?" मगदूम गरजले. "शेंगतेल हाय ते! तालमीत पैलवान तिच्यातनं अंगाला तेल ओतायचे की."

मी उकळते पाणी मागवले व किटलीत ओतले. पाण्यावर तवंग आला. वास शेंगदाण्याचा होता. पॉलिशचा नव्हता.

"झाला वास घेऊन? आता बोला की, साहेब."

बुडाशी चिनी अक्षरांचा शिक्का होता. तो मी विचारात घेतला नाही. शिक्का कोणीही उठवतो. मी पाणी ओतून टाकले, किटली निवू दिली आणि आत बोट घातले. अस्सल किटली चाकावर घडवत नाहीत. मातीची पट्टी थापून, गोल वळवून तिची टोके जोडतात. आत चाकाची वलये लागली, तर किटली नकली. मी वलये शोधत होतो. मनापासून शोधत होतो. पुन्हा पुन्हा बोट फिरवले. वलय एकही नव्हते. कानाच्या बाजूला मात्र उभा, बारीक सांधा बोटाला लागला.

मी 'अस्सल' असे लिहून सही केली.

संचालक म्हणाले, "अजून एकदा पाहायचे का?"

"नको. पाहून झाले आहे."

मगदूम किटली पंच्यात गुंडाळू लागले. मी त्यांना विचारले, "पुण्यामुंबईत माझ्याहून मोठे जाणकार आहेत. माझ्याकडेच का आलात?"

"दुसऱ्या कुणी खरी म्हटली असती, तर लोक म्हणाले असते, मगदुमानं पार्टी दिली असंल. तुम्ही माझ्यावर जळताय, हे सगळ्या गावाला ठावं हाय. तुमची सही म्हंजी पक्की की, साहेब!"

किटली मुंबईला गेली. खालच्या पाटीवर मगदुमांचे नाव होते. मी प्रदर्शन पाहायला गेलो नाही.

मत्सराने तपासणी कसून होते, हे मी व्यवसायात शिकलो. निकाल मात्र मातीनेच द्यावा.